प्लॉट घेण्याआधी कोणत्या तपासणीवर किती खर्च करावा : जोखीम नको असणाऱ्यांसाठी हिशेबाची पद्धत

गोव्यात जमीन घेणारे लोक तपासणीच्या बाबतीत दोन प्रकारे फसतात. काहीजण ‘एक-चौदावर (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर) नाव आहे ना, मग झालं’ म्हणून थेट विसार देऊन मोकळे होतात. दुसरे तीन वकिलांकडून तीन रिपोर्ट घेतात, सर्व्हेअर आणतात, गावात चार ठिकाणी चौकशी करतात आणि शेवटी ‘नकोच ते’ म्हणून प्लॉट सोडतात. म्हणजे तो सगळा खर्च कशासाठी केला, हा प्रश्न उरतोच.

दोघंही माहितीची किंमत भीतीवरून ठरवतात. जितकी धाकधूक जास्त तितकी माहिती मोलाची, असा सगळ्यांचा समज असतो. तो एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. त्या मर्यादेपुढे भीती वाढली की तोच रिपोर्ट तुमच्यासाठी कवडीमोल होऊ शकतो. तुम्ही त्या मर्यादेच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे कागद-पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन अर्ध्या तासात काढता येतं. फक्त टप्प्यांचा क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

सगळ्या टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेतो. फोंड्याकडचं एक कुटुंब आहे: नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील, म्हणजे बाबा. सगळी पुंजी ६४ लाख. समोर आलेल्या प्लॉटचा भाव ४० लाख. कागद स्वच्छ निघाले तर त्या जागेची किंमत ५७ लाख, घोळ निघाला तर १२ लाखांच्या वर कोणी देणार नाही. म्हणजे फायदा झाला तर १७ लाख, तोटा झाला तर २८ लाख. हे आणि पुढचे सगळे आकडे हिशेब दाखवण्यापुरते धरले आहेत. तुमच्या प्लॉटचे तुम्ही घाला.

टप्पा १ : आधी निर्णय लिहा, माहितीचं नाव नंतर

कागदाच्या वरच्या भागात तुमच्यापुढचे पर्याय लिहा. ‘घ्यायचा’ आणि ‘सोडायचा’ हे दोन तर असतातच. तिसराही लिहून ठेवा: ‘अटी घालून घ्यायचा’. काही रक्कम म्युटेशन (जमिनीच्या नोंदीत नव्या मालकाचं नाव लागणं) होईपर्यंत अडकवून ठेवणं, विक्रेत्याकडून नुकसानभरपाईचं कलम लिहून घेणं, भाव उतरवणं हे सगळं त्यात येतं. हा पर्याय असला की माहिती जास्त कामाची ठरते, कारण वाईट बातमी आली तरी काहीतरी करता येतं. खालचा हिशेब सोपा राहावा म्हणून मी पहिले दोनच पर्याय घेतले आहेत.

आता प्रत्येक संभाव्य तपासणीसमोर दोन वाक्यं पूर्ण करा: ‘चांगलं उत्तर आलं तर मी …’ आणि ‘वाईट उत्तर आलं तर मी …’

दोन्ही वाक्यांचा शेवट सारखाच होत असेल, तर त्या तपासणीची तुमच्यासाठीची किंमत शून्य आहे. मग ती कितीही नामांकित वकिलाची असो, फुकट मिळत असली तरी.

सावधान: ‘मनाला बरं वाटेल’ हा शेवट चालणार नाही. मनाच्या समाधानासाठी खर्च करायला हरकत नाही, पण तो निर्णयाच्या खात्यात मांडू नका.

सावधान: परत न मिळणारा विसार देण्याआधी हा टप्पा करा. दोन लाख अडकल्यावर ‘सोडायचा’ हा पर्यायच दोन लाखांनी महाग होतो, वाईट रिपोर्ट हातात असूनही माणसं पुढे रेटतात, आणि माहितीची किंमत तुम्ही स्वतःच खाली आणलेली असते.

टप्पा २ : ‘घोळ’ म्हणजे नेमकं काय ते ठरवा

‘टायटल क्लियर आहे का?’ असं वकिलाला विचारलं की उत्तरही तसंच गोल येतं. गोव्यात जमिनीत अडकण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. त्यातल्या तुमच्या प्लॉटला कुठल्या लागू आहेत ते निवडा.

पहिली वाट वारसांची. इथल्या दिवाणी कायद्यानुसार वेगळा विवाहपूर्व करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि वारसाहक्कात मुलगा-मुलगी असा फरक नाही. त्यामुळे सासरी गेलेल्या बहिणीची सही तर लागतेच, तिच्या नवऱ्याचीही लागते. आजोबांच्या नावावरची जागा चार भावांनी तोंडी वाटून घेतली असेल आणि इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली कारवाई) झालेलंच नसेल, तर पोर्तुगालला किंवा इंग्लंडला गेलेला एखादा वारस कधीही उभा राहू शकतो.

दुसरी वाट कूळ आणि मुंडकार यांची. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा. कुळांसाठी १९६४ चा कायदा आहे, मुंडकारांसाठी १९७५ चा. जागेत जुनं घर असेल, त्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी राहत असेल, तर भाटकाराने विकली म्हणून ती जागा मोकळी होत नाही.

तिसरी वाट जमिनीच्या प्रकाराची. कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची) जागा, सीआरझेडमधली (किनारपट्टीच्या निर्बंधांत येणारी) जागा, रस्ता नसलेली जागा, प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये वस्तीत न येणारी जागा. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले आहेत, तेही यातच धरा.

चौथी वाट बनावट कागदांची. जुने एस्क्रितुर (पोर्तुगीज काळातले दस्त) आणि दफ्तरातल्या नोंदी बनावट करून जागा लाटल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की २०२२ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं.

तिसऱ्या वाटेची उत्तरं स्वस्त आणि जवळजवळ पक्की असतात. टीसीपीचा (नगर नियोजन खात्याचा) झोनिंग दाखला, सर्व्हे प्लॅन आणि सनद (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश) असल्यास तिची प्रत एवढ्यावर काम होतं. त्यासाठी पुढच्या हिशेबाची गरज नाही, ते आधी उरकून घ्या. इथे प्लॉट बाद झाला तर वकिलाची फी वाचली.

पडताळा: एक-चौदाच्या उताऱ्यात कब्जेदाराचं नाव वाचून थांबू नका. कूळ आणि इतर हक्क हे रकानेही वाचा. आणि तो उतारा मालकीचा दाखला नव्हे. त्यातल्या नोंदी खऱ्या धरल्या जातात, पण पुराव्याने खोडता येतात.

टप्पा ३ : शंभर प्लॉट मांडा

टक्केवारीत विचार केला की डोकं गरगरतं आणि उत्तर चुकतं. त्याऐवजी असेच शंभर प्लॉट डोळ्यांपुढे आणा: याच तालुक्यातले, एवढ्याच वारसांचे, एवढेच जुने कागद असलेले. त्यातल्या किती प्लॉटमध्ये टप्पा २ मधला घोळ निघेल?

आकडा आणायचा कुठून? त्या भागात काम करणाऱ्या वकिलाला ‘हा प्लॉट सेफ आहे का’ असं न विचारता ‘तुमच्याकडे आलेल्या अशा शेवटच्या वीस फायलींपैकी कितींमध्ये वारसाचा किंवा मुंडकाराचा प्रश्न निघाला’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस स्वतःला सांभाळून बोलतो. दुसऱ्याला आठवून बोलतो. दलालाला विचारू नका. विचारलंच तर उत्तर लिहून घेऊ नका.

आपल्या उदाहरणात १०० पैकी २० घोळाचे, ८० स्वच्छ असं धरू.

सावधान: इथे भीती मिसळू नका. ‘मला भीती वाटते म्हणून ४० धरतो’ असं केलंत तर पुढच्या टप्प्यात तीच भीती पुन्हा मोजली जाईल. या टप्प्यावर फक्त जगात काय आहे ते लिहायचं. तुम्हाला त्याचं काय वाटतं, त्यासाठी वेगळा टप्पा आहे.

टप्पा ४ : तुमचा भीतीचा गुणक काढा

कुटुंबातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न वेगवेगळा विचारा, आणि एकमेकांसमोर नको, नाहीतर सगळे बाबांकडे बघून बोलतील: ‘काहीही तपासणी करता येणार नाही असं समज. शंभरपैकी किती प्लॉट घोळाचे असतील तर तू हा व्यवहार सोडशील?’

समजा बायको म्हणाली ३३, नवरा म्हणाला १७, बाबा म्हणाले ८. हा आकडा म्हणजे ज्याची त्याची सीमा.

आता सीमेवरचे स्वच्छ प्लॉट भागिले सीमेवरचे घोळाचे प्लॉट एवढं करा. बायकोसाठी ६७ भागिले ३३, म्हणजे सुमारे २. नवऱ्यासाठी ८३ भागिले १७, सुमारे ५. बाबांसाठी ९२ भागिले ८, साडेअकरा येतात, आपण १२ धरू. याचा अर्थ असा की एका घोळाच्या प्लॉटचा चटका बायकोला दोन स्वच्छ प्लॉटच्या आनंदाएवढा बसतो, नवऱ्याला पाच, बाबांना बारा.

पडताळा: नुसत्या पैशांचं प्रमाण २८ भागिले १७, म्हणजे सुमारे १.६५ आहे. जोखमीची नावड असलेल्या माणसाचा गुणक याहून जास्तच यायला हवा. कमी आला तर एकतर प्रश्न नीट कळला नाही, किंवा ती व्यक्ती स्वतःला समजते तेवढी सावध नाही. दुसरी शक्यता अनेकदा खरी निघते.

पडताळा: उत्तर देताना सगळी पुंजी डोळ्यांसमोर हवी, फक्त या व्यवहारातला नफातोटा नव्हे. ६४ लाखांतले २८ गेले तर मुलाचं शिक्षण अडतं. तीन कोटींतले गेले तर हळहळ होते, पण काही अडत नाही. तीच व्यक्ती, तोच प्लॉट, पण गुणक वेगळा.

टप्पा ५ : तपासणीशिवायचा आकडा आणि वरची मर्यादा

घेतलेला प्रत्येक स्वच्छ प्लॉट अधिक १ गुण, घेतलेला प्रत्येक घोळाचा प्लॉट उणे गुणक, सोडलेला प्लॉट शून्य.

तपासणी न करता शंभरही घेतले तर गुण होतात ८० उणे (२० गुणिले गुणक). बायको: ८० उणे ४०, म्हणजे ४०. ती घेईल. नवरा: ८० उणे १००, म्हणजे उणे २०. तो सोडेल, म्हणून त्याचा आकडा शून्य. बाबा: उणे १६०, तेही सोडतील, शून्य.

आता कोणी देवासारखा अचूक सांगणारा भेटला असं समजा. ८० स्वच्छ घेतले, २० सोडले, गुण ८०. कुठल्याही तपासणीतून याहून जास्त मिळूच शकत नाही. म्हणजे बायकोसाठी जगातल्या सगळ्या माहितीची किंमत ८० उणे ४०, म्हणजे ४० गुण. नवऱ्यासाठी आणि बाबांसाठी ८०.

इथपर्यंत ‘भितो त्याला माहिती मोलाची’ हे खरं वाटतं. पण हा अचूक सांगणारा कुठल्याही कोर्टाबाहेर बसत नाही, आणि खऱ्या तपासण्यांमध्ये चित्र पालटतं.

टप्पा ६ : प्रत्येक तपासणीचे दोन आकडे काढा

एक आकडा पुरत नाही. ‘हा वकील ९० टक्के बरोबर असतो’ या वाक्यातून काहीच कळत नाही. दोन गोष्टी वेगवेगळ्या हव्यात: घोळाचे किती पकडतो, आणि स्वच्छ असलेल्यांवर उगाच किती शंका घेतो.

आपल्या कुटुंबापुढे दोन तपासण्या आहेत. विक्रेत्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे, त्यामुळे वेळ एकीलाच आहे.

कागदशोध: सब-रजिस्ट्रारकडच्या नोंदी, जुने दस्त, इन्व्हेंटरीची फाईल, म्युटेशन. दस्तातच सापडलेला दोष बहुधा खरा असतो, म्हणून खोटी शंका शून्य धरू. पण जे कागदावर आलंच नाही ते यात दिसत नाही: तोंडी वाटणी, नोंद न झालेला मुंडकार, सफाईने केलेला बनावट दस्त. म्हणून २० पैकी १२ पकडले, ८ सुटले असं धरू.

जाहीर नोटीस आणि गावातली विचारपूस: वर्तमानपत्रात वकिलामार्फत नोटीस, शेजाऱ्यांकडे चौकशी, पंचायतीत घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते पाहणं. यात लपलेले वारस बाहेर येतात. पण भांडकुदळ शेजारी, रुसलेला चुलता आणि ‘बघू काही मिळतंय का’ म्हणून हरकत घेणारेही बाहेर येतात. २० पैकी १८ पकडले, आणि ८० स्वच्छ प्लॉटपैकी २० वर उगाच हरकत आली असं धरू.

सावधान: रिपोर्ट हातात आल्यावर हे आकडे ठरवू नका. चांगला निकाल देणारी तपासणी मग नेहमीच विश्वासू वाटते.

टप्पा ७ : तुलना

आधी एक सोपी चाळणी. एक तपासणी घोळही जास्त पकडते आणि खोट्या शंकाही जास्त घेत नाही असं असेल, तर गुणक काहीही असो, तीच चांगली. डेव्हिड ब्लॅकवेल या अमेरिकी गणितज्ञाने १९५० च्या सुमारास याच्या मुळाशी असलेला नियम सिद्ध केला: एका माहितीत नुसती भेसळ करून दुसरी तयार करता येत असेल, तर ती दुसरी कोणत्याही स्वभावाच्या माणसासाठी पहिलीपेक्षा सरस ठरत नाही. वकिलाच्या रिपोर्टचा दलालाने फोनवर सांगितलेला सारांश या नियमात चपखल बसतो. मूळ रिपोर्ट मागा.

आपल्या दोन तपासण्या मात्र या चाळणीत अडत नाहीत. एक जास्त पकडते, दुसरी उगाच शंका घेत नाही. अशा वेळी सगळ्यांसाठी मिळून चांगली अशी तपासणी नसते. हिशेब ज्याचा त्याने करायचा.

कागदशोधानंतर ‘ठीक’ आलेले प्लॉट घेतले तर ८० स्वच्छ आणि ८ घोळाचे हातात येतात, म्हणजे ८० उणे (८ गुणिले गुणक). नोटिशीनंतर ६० स्वच्छ आणि २ घोळाचे, म्हणजे ६० उणे (२ गुणिले गुणक). उणे आलं तर शून्य लिहा, कारण तो माणूस ‘ठीक’ रिपोर्ट येऊनही घेणार नाही.

| | गुणक | तपासणीशिवाय | कागदशोध | नोटीस |
|---|---|---|---|---|
| बायको | २ | ४० | ६४ | ५६ |
| नवरा | ५ | ० | ४० | ५० |
| बाबा | १२ | ० | ० | ३६ |

तपासणीची किंमत म्हणजे तिचा आकडा वजा ‘तपासणीशिवाय’चा आकडा. कागदशोध बायकोला २४ गुणांचा, नवऱ्याला ४० चा, बाबांना शून्याचा. मधे कोणाचा गुणक ४ असता तर त्याच्यासाठी ४८ चा झाला असता. म्हणजे भीती वाढत गेली तशी त्याच कागदशोधाची किंमत २४ वरून ४८ वर चढली, तिथून ४० वर उतरली आणि गुणक १० झाला की शून्यावर आली.

हे नीट समजून घ्या, कारण घराघरांत वाद इथेच होतो. बाबा म्हणतात, ‘आणखी एक वकील बघ.’ पण एका चांगल्या कागदशोधानंतरही ८८ मधले ८ प्लॉट घोळाचे राहतात, म्हणजे अकरात एक. बाबा तेरात एकच्या पुढे जायला तयार नाहीत. त्यांना कागदशोध करायला लावणं म्हणजे ठरलेल्या नकारावर फी भरणं. त्यांच्या कामाची तपासणी म्हणजे उगाच शंका घेतली तरी चालेल पण घोळ सोडणार नाही अशी. आणि गुणक ३० च्या वर असलेल्या माणसासाठी नोटीसही शून्य. अशा माणसाने तपासणीवर खर्च न करता ते पैसे बँकेत ठेवावेत. त्यात कमीपणा काही नाही.

सगळ्यात महाग माहिती कोणासाठी? जो तळ्यात-मळ्यात आहे त्याच्यासाठी. आपल्या उदाहरणात शंभरात २० घोळाचे, म्हणजे घेणं आणि सोडणं यांमधली सीमा ८० भागिले २०, म्हणजे ४ या गुणकावर पडते, आणि दोन्ही तपासण्यांची किंमत तिथेच सर्वांत वर जाते. ‘घ्यायचाच’ म्हणणारा आणि ‘नकोच’ म्हणणारा, दोघांसाठीही ती तिथून खाली येते.

पडताळा: निर्णय कोणाच्या गुणकावर घ्यायचा हे तपासणी मागवण्याआधी ठरवा. दस्तावर नवरा-बायको दोघांची नावं येणार असतील तर दोघांचे हिशेब करा. दोघांच्या गुणकांची सरासरी काढू नका. ३.५ हा या घरात कोणाचाच गुणक नाही.

टप्पा ८ : गुणांचे रुपये करा, पण हात राखून

गुण शंभर प्लॉटचे मिळून आहेत, पण तुम्ही घेणार एकच प्लॉट, म्हणून शंभर गुण म्हणजे एका स्वच्छ प्लॉटचा फायदा, म्हणजे १७ लाख. एक गुण म्हणजे सतरा हजार. बायकोसाठी कागदशोध ४ लाख ८ हजारांचा, नोटीस २ लाख ७२ हजारांची.

हा ढोबळ आकडा आहे, आणि गुणक जितका मोठा तितका तो फुगलेला असतो. जो तोट्याला घाबरतो त्याला फी भरणंही तितकंच बोचतं, आणि ती फी प्लॉट सोडला तरी जातेच. म्हणून नवऱ्यासारख्या किंवा बाबांसारख्या माणसाने निघालेल्या रकमेच्या निम्मीच खरी धरावी. नोटिशीसाठी नवऱ्याचे साडेआठ लाख येतात, त्याने सव्वाचार धरावेत.

तरीही फी याच्या जवळपास क्वचितच जाते. त्यामुळे खऱ्या व्यवहारात ‘तपासणी परवडते का’ हा प्रश्न फारसा उरत नाही. उरतात ते दोन: कुठली आधी, आणि कुठे थांबायचं. वेळेची किंमत मात्र फीमध्ये मिळवा. नोटिशीची मुदत संपेपर्यंत प्लॉट हातचा जाण्याची शक्यता असेल, तर तेवढे गुण कमी करा.

सावधान: आधी झालेला खर्च या कागदावर कुठेच येता कामा नये. ‘एवढे घातलेच आहेत, आता आणखी थोडे’ हे गणित नाही.

टप्पा ९ : दुसरी तपासणी घ्यायची का

समजा विक्रेत्याने मुदत वाढवून दिली. कागदशोध झाला, ‘ठीक’ आला. आता नोटीसही द्यायची का?

हातात ८८ प्लॉट आहेत: ८० स्वच्छ, ८ घोळाचे. त्या सगळ्यांसाठी नोटीस दिली तर २० स्वच्छ आणि ७.२ घोळाचे प्लॉट हरकतीत सापडतील. बायकोने ते हरकतवाले सोडावेत का? २० उणे १४.४ म्हणजे अधिक ५.६. ती हरकत आली तरी घेईल! मग नोटिशीने तिचा निर्णय बदलतच नाही. पहिल्या टप्प्यातली दोन्ही वाक्यं एकसारखी संपली, म्हणून किंमत शून्य.

नवऱ्यासाठी २० उणे ३६, म्हणजे उणे १६. तो हरकतवाले सोडेल, आणि दोन्ही तपासण्या मिळून त्याचे गुण ५६ होतात. बाबांचे ५० पेक्षा थोडे जास्त होतात. एकटा कागदशोध त्यांच्यासाठी शून्य होता, नोटिशीला जोडून आला की तोच उपयोगी पडला. म्हणून भित्र्या माणसाने तपासण्या एकेक करून तोलू नयेत, जोडीने तोलाव्यात.

एक गोष्ट या हिशेबात गृहीत धरली आहे: दोन्ही तपासण्यांच्या चुका वेगवेगळ्या. दोन वकिलांनी तीच फाईल, त्याच दफ्तरात वाचली तर दोघांनाही परदेशातला तोच वारस दिसणार नाही. तेव्हा दुसरा रिपोर्ट म्हणजे पहिल्याचीच झेरॉक्स. दुसरी तपासणी घ्यायचीच तर वेगळ्या जागी बघणारी घ्या: एक दफ्तरात, दुसरी गावात. पोर्तुगीज दस्त असतील तर दुसऱ्या वकिलाआधी ते वाचू शकणारा माणूस शोधा. मराठी सारांशावर विसंबून दिलेलं मत हे त्या सारांशाएवढंच पक्कं असतं.

थांबायचं कधी? उरलेल्या प्रत्येक तपासणीसमोर पहिल्या टप्प्यातली दोन वाक्यं पुन्हा लिहा. सगळ्यांचे शेवट सारखे आले की थांबा.

रिपोर्टचं पाकीट उघडण्याआधी ‘ठीक’ आल्यास आणि ‘हरकत’ आल्यास काय करायचं ते तारखेसह लिहून घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. वाईट रिपोर्ट आल्यावर ‘पण जागा किती छान आहे’ आणि चांगला आल्यावर ‘पण मनात शंका आहेच’ ही दोन वाक्यं घरात हमखास येतात. ती आली की हा कागद पुढे ठेवायचा.

रिपोर्टलाही वय असतं. तो ज्या तारखेपर्यंतच्या नोंदी पाहून दिला, त्यानंतर कोणी बोजा चढवला, दावा लावला किंवा म्युटेशनला हरकत घेतली तर रिपोर्टला ते माहीत नसतं. सेल डीडच्या आदल्या आठवड्यात एक-चौदाचा ताजा उतारा काढा, सब-रजिस्ट्रारकडे मधल्या काळातल्या नोंदी बघून घ्या, आणि वकिलाकडून रिपोर्टची तारीख पुढे वाढवून लेखी घ्या. या शेवटच्या फेरीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि तिचं उत्तर वाईट आलं तर सही थांबवणार नाही असा माणूस या कुटुंबात तरी नाही.